खानदेशांतील तारमास्तर आणि बिनतारी यंत्रज्ञ

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता मालेगांव मागें टाकून धुळ्यास येतो, सोनगीरवरून पुढें तापी ओलांडून शिरपुरास पोंचतो आणि सातपुड्याचा घाट चढून सेंधव्याकडे माळव्याच्या वाटेला लागतो. इ. स. १८५४ मध्यें मुंबई आणि आग्रा हीं शहरें विजेच्या तारेनें जोडलीं गेलीं, तेव्हां इंदुराहून मुंबईकडे येणारी तार याच मुलुखांतून उतरली. तोंपर्यंत खानदेशच्या रहिवाशाला दूरची बातमी म्हणजे जासूद, सांडणीस्वार किंवा टपालाची थैली. आतां ती डोक्यावरून, कोणालाही न दिसतां धांवूं लागली. पण तिला तीन वर्षेंही सुखाचीं गेलीं नाहींत. १८५७ च्या धामधुमींत खाज्या नाईक आणि त्याचे भिल्ल सोबती यांनीं सेंधव्याच्या घाटांत सरकारी खजिना लुटला आणि तारा तोडल्या. सरकारची जीभ कोठें आहे हें त्या रानांतल्या माणसानें बरोबर ओळखलें होतें.

तार तोडण्यास एक कुऱ्हाड पुरते. ती जोडणें, आणि तिच्या टोंकाशीं बसून खडखडाटाचीं अक्षरें करणें, यास मात्र माणूस तयार करावा लागतो. खानदेशांत हा माणूस प्रथम तारमास्तर म्हणून आला. पुढें तो बिनतारी यंत्रचालक झाला, नभोवाणीचा यंत्रज्ञ झाला, आणि आज मोबाइलच्या मनोऱ्याखालीं उभा आहे. यंत्रें बदललीं, पदव्या बदलल्या. प्रत्येक वेळीं जुन्या विद्येचें मोल उतरलें आणि पोटासाठीं नवी विद्या शिकावी लागली. या धंद्याचा इतिहास तो एवढाच. परंतु तो ज्यांच्या आयुष्यावरून गेला त्यांना तो लहान वाटला नसेल.

या इतिहासाचें खानदेशांतील पहिलें मोठें घर म्हणजे भुसावळ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची एक शाखा भुसावळाहून १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. दुसरी १८७० मध्यें जबलपुरास जाऊन कलकत्त्याच्या मार्गाला मिळाली. दोन थोर मार्ग जेथें फुटतात तेथें गाड्या अडखळूं नयेत म्हणून अहोरात्र तारेवर बोलणें आलें. पुढली गाडी पुढच्या स्टेशनांतून सुटली किंवा नाहीं, मागची सोडावी किंवा नाहीं, मालगाडी बाजूस घ्यावी किंवा नाहीं, हें सारें सिग्नलर नांवाच्या तरुणाच्या कानावर आणि मनगटावर अवलंबून असे. समोर पितळेची कळ आणि टक् टक् करणारा ध्वनक. आखूड ठोका, लांब ठोका. त्यांचीं जुळणी म्हणजे अक्षर. चांगला सिग्नलर ठोके मोजीत नसे. आपण ज्याप्रमाणें बोलण्यांतील शब्द ऐकतों त्याप्रमाणें तो तारेंतील शब्द ऐके आणि एक वाक्य कानांत असतां मागचें वाक्य कागदावर उतरवी. पलीकडे कोण बसला आहे हेंही त्याला ठोक्याच्या लकबीवरून समजे. चेहरा मात्र त्यानें जन्मांत पाहिलेला नसे.

काम इतकें नाजूक, आणि त्याचा मोबदला मात्र बेताचा. रात्रपाळी ठरलेली. चूक झाली तर ती गाडीच्या अपघातापर्यंत जाणारी, म्हणून जबाबदारी मोठी. परंतु वरच्या जागांकडे पाहावें तर तेथें युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांचा भरणा. भुसावळास अशा कुटुंबांची मोठी वसाहतच होती. हिंदी तरुणाची मजल बहुधा धाकट्या स्टेशन-मास्तरापर्यंत जाऊन थांबे. हा सल मनांत सांठत गेला आणि मे १८९९ मध्यें जी. आय. पी. च्या सिग्नलरांनीं संप पुकारला. पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या इतर अटी या त्यांच्या मागण्या होत्या. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनीं महिनोन् महिने त्यांची बाजू मांडली. फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांसारख्या पुढाऱ्यांनीं त्यांच्यासाठीं सभा भरविण्यांत आणि निधि गोळा करण्यांत भाग घेतला. हिंदुस्थानांत रेल्वेच्या नोकरांचा संघटित संप म्हणून इतिहासकार या घटनेकडे बोट दाखवितात. गिरण्यांचा मजूर तेव्हां पुष्कळ होता. तरी पहिला शिस्तीचा संप कळ दाबणाऱ्यांनीं करावा यांत नवल नाहीं. ज्यांच्या हातीं संदेश, त्यांना एकमेकांशीं बोलण्यास सभेची जरूर नसते. १९०८ मध्यें सरकारी तारखात्यांतील कामगारांनीं कामाच्या नव्या वेळापत्रकाविरुद्ध संप केला, तेव्हां कलकत्ता, रंगून, मुंबई अशा दूरदूरच्या कचेऱ्या जवळजवळ एकदम हालल्या, त्याचेंही कारण हेंच.

या वेळेपर्यंत बिनतारी विद्या हिंदुस्थानांत आलेली होती. १९०२ मध्यें बंगालच्या किनाऱ्यावर सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यामध्यें तारेशिवाय संदेश धाडण्याचा प्रयोग तारखात्यानें केला. नव्या यंत्राला माणूस नवा लागला नाहीं. ठोक्यांची भाषा तीच. फक्त ध्वनकाच्या टक् टक् ऐवजीं कानावर चढविलेल्या श्रवणींत बारीक शीळ ऐकूं येई, आणि तिच्यामागें ढगांच्या गडगडाटाची कुरकुर असे. तारमास्तर तेवढ्या संवयीनें बिनतारी यंत्रचालक होऊं शके. एप्रिल १९१२ मध्यें 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हां फिलिप्स आणि ब्राइड या दोघां यंत्रचालकांच्या हांकेनेंच 'कार्पेथिया' धांवून आली आणि सातशेंहून अधिक जीव वांचले. त्यानंतर प्रवासी जहाजावर बिनतारी यंत्र आणि तें चालविणारा माणूस असलाच पाहिजे, हा दंडक जगानें हळूहळू मान्य केला. त्या माणसाला प्रमाणपत्र हवें. पहिल्या वर्गासाठीं साध्या भाषेचे मिनिटाला २५ शब्द आणि सांकेतिक अक्षरांचे २० गट बिनचूक घेतां व पाठवितां आले पाहिजेत. समुद्रापासून शंभर कोसांवर वाढलेल्या खानदेशी मुलालाही या विद्येनें बोटीवरची नोकरी मिळणें शक्य झालें. मात्र ती शिकण्यास त्याला मुंबईच गांठावी लागे. या धंद्यांतील पहिला खर्च म्हणजे घर सोडण्याचा. तो पुढेंही कधीं फारसा कमी झाला नाहीं.

१९२७ हें साल मोठें विलक्षण आहे. त्या वर्षीं पुण्याजवळ खडकी येथें प्रक्षेपक आणि दौंड येथें ग्राहक अशीं दोन केंद्रें उभीं राहून इंग्लंडशीं थेट बिनतारी संदेशवहन सुरू झालें. लघुलहरींचा झोत एकाच दिशेनें फेंकण्याची ही मार्कोनी कंपनीची युक्ति. समुद्राखालच्या तारेपेक्षां ती स्वस्त पडली आणि तारेच्या कंपन्या इतक्या घाबरल्या कीं शेवटीं १९३२ मध्यें दोन्ही धंदे एका कंपनींत एकवटले. परंतु यंत्रचालकाच्या दृष्टीनें येथें निराळेंच घडलें. येथें संदेश कागदी पट्टीवर भोंकें पाडून यंत्रांतून सोडीत, आणि आलेला संदेश शाईच्या नागमोडी रेघेनें पट्टीवर उमटे. मनुष्याच्या मनगटाला जमणार नाहीं अशा वेगानें. ज्या कानासाठीं तारमास्तराला पगार मिळत होता त्या कानाची येथें फारशी गरज उरली नाहीं; गरज होती यंत्र बिघडलें तर कां बिघडलें हें जाणणाऱ्याची. चालक आणि यंत्रज्ञ या दोन जाती येथून वेगळ्या होऊं लागल्या, आणि पुढचें शतक यंत्रज्ञाच्या बाजूचें ठरलें.

त्याच वर्षीं, २३ जुलै रोजीं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. नभोवाणीचा हा प्रारंभ खानदेशाला मात्र जवळजवळ मुका होता. प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट, आणि मध्यमलहरींची; दिवसा तिचा आवाज मुंबईच्या आसपास वीस-तीस मैलांत विरून जाई. जळगांव तर मुंबईहून रेल्वेनें अडीचशें मैलांहून दूर. कंपनी १९३० मध्यें बुडाली, सरकारनें तो कारभार हातीं घेतला, आणि १९३६ मध्यें त्याचें नांव ऑल इंडिया रेडिओ झालें. त्याच वर्षीं मुख्य अभियंता म्हणून सेसिल गॉयडर हा तरुण इंग्रज आला. शाळेंत असतांना, १९२४ मध्यें, यानें स्वतःच्या यंत्रावरून न्यूझीलंडशीं संभाषण केलें होतें; तेंही लघुलहरींवर. लघुलहरी आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून शेंकडों मैल दूर उतरतात, ही गोष्ट त्यानें पुस्तकांत वाचण्याआधीं कानानें ऐकली होती, असें म्हटल्यास चालेल. अफाट देश आणि तुटपुंजा पैसा, यांवर त्यानें लघुलहरींचा तोडगा धरला. ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं मुंबईचें लघुलहरी केंद्र चालूं झालें, आणि धुळें-जळगांवच्या घरांत मराठी शब्द विश्वासानें ऐकूं येण्याची सोय झाली.

आतां खानदेशांत बिनतारी विद्येला स्थानिक पोट लाभलें. ग्राहक यंत्र आलें कीं बिघडणार. बिघडलें कीं दुरुस्त करणारा हवा. ज्या गांवीं वीज नाहीं तेथें यंत्र बॅटरीवर चाले. एक बॅटरी व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठीं, दुसरी अधिक दाबाची. पहिली दर कांहीं दिवसांनीं शहरांत नेऊन भरून आणावी लागे. गाडीच्या धक्क्यानें तिच्यांतलें तेजाब सांडे आणि कपडे जळत. उन्हाळ्यांत भुसावळ-जळगांवचा पारा ४५ अंशांच्या पुढें गेला कीं धारित्रांतलें मेण पाझरे. पावसाळ्यांत ओल शिरे. आणि वळवाच्या वाऱ्यानें एरिअलची तार निंबाच्या फांदींत अडके. हे सारे रोग ज्याला ओळखतां येत त्याच्याकडे पदवी असेच असें नाहीं. पुष्कळदां तो मोटारीची किंवा सिनेमाच्या यंत्राची दुरुस्ती करतां करतां इकडे वळलेला असे, आणि व्हॉल्व्हवरचा अंक पाहून त्याचें काम सांगे. सरकारचें लक्ष मात्र त्याच्या हुन्नरावर नसून परवान्यावर होतें. १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वयें परवान्यावांचून यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा ठरला. वर्षाला दहा रुपये परवान्याचे. आणि ऐकण्यासाठीं परवाना, तर बोलण्यासाठीं किती कडक पहारा असेल याची कल्पना करावी.

ती वेळ १९४२ मध्यें आली. ९ सप्टेंबर रोजीं नंदुरबारास शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसोबती गोळीबारांत पडले. नंदुरबार तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें. अशा बातम्यांवर वर्तमानपत्रांत सेन्सॉरची कात्री चालत होती. त्याच सुमारास मुंबईंत उषा मेहता, बाबूभाई खाकर आणि त्यांच्या सोबत्यांनीं ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. चिमूर-आष्टीची कहाणी, बलियाची हकीकत अशा दाबलेल्या बातम्या त्यानें बाहेर फोडल्या. त्या रेडिओचा प्रक्षेपक उभारून देणारा नरिमान प्रिंटर हा व्यवसायानें बिनतारी तंत्रज्ञ होता. युद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी परवाने रद्द केल्यामुळें त्याची विद्या घरीं बसली होती. यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत चळवळवाल्यांनीं सुमारें अडीच महिने पोलिसांना झुलविलें. शेवटीं प्रिंटर पोलिसांच्या हातीं लागला आणि फुटला. १२ नोव्हेंबरला रेडिओ कायमचा बंद पडला. उषा मेहतांना चार वर्षांची, खाकरांना पांच वर्षांची शिक्षा झाली. तंत्रज्ञाचें नांव इतिहासांत राहिलें तें माफीच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत. त्याला दोष देणें सोपें आहे, आणि तो दोष आहेही. तथापि हेंही खरें कीं त्या दिवसांत प्रक्षेपक जुळवूं शकणारीं माणसें मुंबईसारख्या शहरांतही बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, आणि पोलिसांना प्रथम तींच आठवत.

महायुद्धानें याच विद्येचें दार एकदम रुंद उघडलें. सिग्नल कोअर या लष्करी विभागाचें शिक्षणकेंद्र जबलपुरास. भुसावळाहून गाडीत बसलें कीं रूळ थेट तिकडेच जातात. फौज पंचवीस लाखांच्या घरांत गेली तेव्हां पिढीजाद शेतकऱ्याच्या मुलालाही बिनतारी यंत्राची कळ, त्याची बॅटरी आणि त्याचा आराखडा सरकारी खर्चानें शिकावयास मिळाला. जातिवर्णाची वा इंग्रजी पदवीची जी अडचण जुन्या तारखात्यांत होती ती युद्धाच्या घाईंत पुष्कळ ढिली पडली. युद्ध संपलें आणि हीं माणसें घरीं परतलीं. स्वराज्याच्या पहिल्या वर्षांत पोलीस खात्याचा बिनतारी संदेश विभाग, विमानतळ, रेल्वे आणि तारखातें यांना असे तयार हात हवेच होते. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयांत खोलीच्या कोपऱ्यांत बसून पुण्या-मुंबईशीं ठोक्यांत बोलणारा यंत्रचालक पुढें अनेक वर्षें दिसे. दंगल, पूर, निवडणूक, कांहींही होवो, पहिली बातमी त्याच्या कानीं. आणि ती बाहेर न बोलणें हा त्याच्या नोकरीचा अर्धा भाग.

मध्यंतरी शिक्षणाची वाट बदलली. १९५० पासून कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांत रेडिओ मेकॅनिकचें काम शिकविलें जाऊं लागलें. घर न सोडतां जिल्ह्यांतच पहिलें प्रमाणपत्र मिळण्याचे दिवस आले. पण ज्या व्हॉल्व्हवर ही पिढी हात बसवीत होती त्याच्या जागीं ट्रान्झिस्टर आला, आणि बॅटरी भरून आणण्याचा धंदा आपोआप मावळला. परवानाही पुढें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत इतिहासजमा झाला.

१९७६ मध्यें जळगांवीं आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें. मुंबईचा आवाज येथवर येईना म्हणून जेथें लघुलहरी पकडाव्या लागल्या, तेथें आतां स्वतःचा मध्यमलहरी प्रक्षेपक झाला; ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे ३११ मीटर. अशा केंद्रांतील यंत्रज्ञाचा दिवस श्रोत्यांच्या दिवसाआधीं उजाडतो. पहिली धून लागण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या तारा तापवावयाच्या, त्या पुरत्या तापल्यावरच उच्च दाब द्यावयाचा. घाई केली तर हजारों रुपयांचा व्हॉल्व्ह क्षणांत जातो. प्रत्येक तासाला मीटरचे आंकडे वहींत टिपावयाचे. वीज गेली कीं डिझेलचें जनित्र सुरू करावयाचें, आणि कार्यक्रम तुटला तर किती सेकंद तुटला तेंही लिहावयाचें. कपाट उघडतांना आधीं वीज बंद झाल्याची खात्री, मग भूसंपर्काची काठी लावून उरलेला भार उतरवणें. हा नियम ज्यानें एकदां विसरला त्याला दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. मध्यमलहरींचा मनोरा स्वतःच एरिअल असतो. त्याच्या पायथ्याशीं जमिनींत तांब्याच्या तारा चहूंकडे पसरून पुरलेल्या असतात, आणि लहर जमिनीला धरून चालत असल्यानें ओल्या मातींत ती अधिक दूर जाते. काळी कसदार जमीन उन्हाळ्यांत भेगाळते तेव्हां शेतकऱ्याप्रमाणें यंत्रज्ञही आकाशाकडे पाहतो म्हणावयाचें! तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, अभियांत्रिकी सहाय्यक, सहाय्यक अभियंता अशा पायऱ्या येथें होत्या. तारमास्तराच्या वेळचा वर्णाचा अडसर गेला होता; उरली होती जागा रिकामी होण्याची वाट, आणि बढती आलीच तर बदलीही.

ठोक्यांच्या भाषेचा शेवट दोन टप्प्यांत झाला. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना उपग्रहाच्या नव्या संकटसूचना-पद्धतीनेंच चालणें बंधनकारक झालें आणि बोटीवरील रेडिओ अधिकारी या पदाची गरज संपली. मिनिटाला पंचवीस शब्दांचें प्रमाणपत्र ज्यांनीं मोठ्या कष्टानें मिळविलें होतें त्यांच्यापैकीं कित्येक तेव्हां ऐन चाळिशींत होते. पुढें १५ जुलै २०१३ पासून भारतांतील तारसेवाही बंद झाली. आदल्या दिवशीं देशभर तारघरांत शेवटची तार पाठविण्यासाठीं लोकांनीं गर्दी केली. कळेचा ठोका तर तेथूनही फार पूर्वी हद्दपार झालेला होता.

तारखात्याचा वारसा २००० मध्यें भारत संचार निगमाकडे गेला होता. मोबाइलच्या स्पर्धेंत तो निगम मागें पडला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं सुमारें ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ति घेऊन एकाच दिवशीं घरीं गेले. त्यांत केबल जोडणारे होते, एक्स्चेंज सांभाळणारे होते, लघुतरंगांचे मनोरे राखणारेही होते. जिल्ह्याजिल्ह्यांच्या टेलिफोन-घरांत ज्या खोल्यांतून दिवसरात्र पाळ्या चालत त्या खोल्यांना एका संध्याकाळीं कुलुपें लागलीं. निवृत्तीला 'स्वेच्छा' हें विशेषण सर्वांच्या बाबतींत सारख्याच अर्थानें लावतां येईल किंवा नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

काम मात्र संपलेलें नाहीं. तें कंत्राटदाराकडे गेलें. १९९८ मध्यें धुळें जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणीच्या डोंगरांत, एका दरींत मोबाइल बोलतो आणि वळण घेतलें कीं मुका होतो. या लहरी अतिशय आखूड. त्यांना डोंगरापलीकडे वाकतां येत नाहीं. म्हणून शिखरावर मनोरा, मनोऱ्याखालीं बॅटऱ्यांची रांग, आणि वीज गेल्यास डिझेलचें जनित्र. पावसाळ्यांत घाट खचला कीं डिझेलचें पिंप खांद्यावर वाहून न्यावें लागतें, वीज कोसळली कीं जळालेली तबकडी बदलण्यास मनोऱ्यावर चढावें लागतें. चढणारा तरुण बहुधा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून किंवा तंत्रनिकेतनांतून निघालेला असतो. त्याच्याकडे दहा-वीस मनोरे सोंपविलेले असतात, आणि त्याच्या नेमणुकीचा कागद वर्षावर्षाला नवा करावा लागतो. रात्रीं दोन वाजतां त्याच्याच मोबाइलवर बिघाडाची सूचना येते: अमुक मनोरा, बॅटरीचा दाब कमी. मग तो मोटारसायकल काढतो.